सुदामरावांची बादली

पुण्याच्या इंजिनियरला एका बादलीने हरवणारा माणूस आज सकाळी गेला.

सुदामराव. भोकरचे. आयटीआय पास. आमच्या नांदेडच्या हॉस्पिटलात एसीचे मेकॅनिक. मी तिथेच कॅन्सरच्या रेडिएशन मशीनवर टेक्निशियन होते.

हे मशीन चालताना प्रचंड तापतं. त्याला थंड ठेवणारं पाणी गच्चीवरच्या चिलरमधून येतं. पाणी गरम झालं की मशीन बंद.

नवीन चिलर बसवला, आणि त्या मे महिन्यात रोज दुपारी मशीन बंद.

देवणीहून एसटीने आलेल्या बायका उपचार न घेताच परत.

पुण्याहून कंपनीचा इंजिनियर आला. "चिलर सात टनांचा आहे. कॅल्क्युलेशन परफेक्ट आहे. तुमची माणसं नीट चालवत नाहीत."

तुमची माणसं म्हणजे मी आणि सुदामराव. माझं डोकंच फिरलं.

सुदामरावांनी वीस लिटरची बादली आणली. मशीनमधून परत येणारं पाणी तिच्यात सोडलं, हातात घड्याळ धरलं. तीस सेकंदांत भरली. आत जाताना पाणी वीस डिग्री, बाहेर येताना अठ्ठावीस. जुन्या केसपेपरच्या पाठीवर गुणाकार केला. मशीनची उष्णता सव्वासहा टनांच्या थोडी वर.

"मग सात टन पुरायला हवा," मी म्हणाले.

"कागदावर पुरतो, मॅडम. चिलरच्या माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात काय हाय ते वाचा की. तुम्ही तर कॉन्व्हेंटच्या."

वाचलं. सात टन, बाहेरची हवा पस्तीस डिग्री असेल तर.

"आपलं नांदेड मे महिन्यात पस्तीसवर थांबतंय का? गच्चीवर सत्तेचाळीस हाय. तिथं हा लई तर साडेपाच टन देऊन राहिला. दहाचा पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी ट्रस्टच्या अध्यक्षांना आणि त्या इंजिनियरला गच्चीवर नेलं.

इंजिनियर हळूच टाकीच्या सावलीला सरकला.

"तिथे नाही, साहेब. इकडे," मी म्हणाले. "चिलर उन्हातच उभा असतो."

चार मिनिटांत अध्यक्ष म्हणाले, "दहाचा मागवा."

पुढच्या मे महिन्यात एकही पेशंट परत गेला नाही. एकही नाही!

आणि नव्या चिलरसाठी लावलेल्या फलकावर नावं कुणाची? अध्यक्ष, देणगीदार, अगदी तो इंजिनियरसुद्धा. सुदामराव कुठेच नाहीत.

मी भांडायला निघाले तर म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. पाणी वीस हाय ना?"

मी नाही जाऊ देणार. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहिलं.

आज दुपारी ड्युटीवरच्या मुलीला फोन केला. बाहेर चव्वेचाळीस. पाणी किती, विचारलं.

"वीस, मॅडम."

रोज सकाळी ते "जय भीम, मॅडम" म्हणायचे, आणि मी शाळेच्या सवयीने "गुड मॉर्निंग".

पाणी वीस आहे, सुदामराव.

जय भीम.