तुतीचे मालक

थोरली दातांची डॉक्टर होती. आपण आजीची सगळ्यांत लाडकी नात, हे ती पेशंटनाही सांगे, आणि तोंडात यंत्र असल्यामुळे आजवर एकानेही ते खोडून काढलं नव्हतं. आजी जाऊन वर्ष झालं म्हणून नातवंडं शेतावर जमली, तेव्हा ही गोष्ट भावंडांकडूनही एकदाची वदवून घ्यायची, असं ठरवूनच ती आली.

मंडळी मातीच्या वासाने गहिवरली आणि मग नाकाला रुमाल लावून ओसरीवर बसली. आजी किती मायाळू, आजी किती सोशीक, सुरू झालं. आजी सोशीक असती तर शेत कधीच हातचं गेलं असतं. सुट्टीला आलेल्या नातवंडांना ती पहिल्या दिवशी पोटभर जेवू घाली आणि दुसऱ्या दिवसापासून वसूल करी. कांदे निवडा, गोठा झाडा, कोंबड्या कोंडा. कोणी कुरकुरलं तर म्हणे, खेळच आहे तो. पोरांना ते खरं वाटे. शहरात परतल्यावर शेणाच्या पाट्या वाहिल्याच्या बढाया मारत. बिनपगारी माणसं अशी हसतखेळत राबवणारी बाई थोरलीने पुढे कुठल्याही दवाखान्यात पाहिली नाही.

पण ती बोलली ते वेगळंच. निघायच्या दिवशी आजी तिला एकटीला गोठ्यामागे नेई, तुतीच्या झाडाला हात लावायला लावी आणि म्हणे, "हे तुझं. कुणाला सांगू नकोस, बाकीची रुसतील." इतकी वर्षं पोटात ठेवलेलं थोरलीने आज सांगून टाकलं आणि सगळ्यांकडे जरा दयेनेच पाहिलं.

आतेभावाचा कप तोंडाशीच थांबला. झाड आपलं आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. धाकटा भाऊ दोघांना हसला आणि हसता हसता गप्प झाला, कारण गोठ्यामागे त्यालाही नेलं होतं. मग एकेक बाहेर पडू लागलं. सगळेच मालक चोरून आपल्या झाडाला पाणी घालत होते, बादल्याच्या बादल्या. एका सुट्टीत तुती पिवळी पडून मरायला टेकली होती, ती कशाने, ते आत्ता कळलं. आतेभाऊ बँकेत साहेब. तो आधी कोणाला दिलं यावर अडून बसला. बघता बघता पिकल्या केसांची माणसं हमरीतुमरीवर आली.

तेवढ्यात काकू रिकामे कप न्यायला आली. आजीचं शेवटपर्यंत तिनेच केलं होतं. थोरलीला एकदम आधार वाटला.

"काकू, तूच सांग. आजीचा जीव कोणावर होता?"

"ते मला काय ठाऊक," काकू म्हणाली. "मी एकदा विचारलं होतं आईंना. सगळ्यांना तेच झाड देता, मग मलाच का नाही? तर म्हणाल्या, तू कुठे जाणार आहेस? जाणाऱ्याला काहीतरी द्यावं लागतं. नाहीतर परत कशाला येईल?"

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा एवढ्या मालकांपैकी एकही फिरकला नव्हता. दवाखाना सोडून निघता येत नाही, हे थोरलीने फोनवर सांगितलं होतं, आणि आजीने ते ऐकूनही घेतलं होतं. तिला आता कान तापेपर्यंत लाज वाटली. ती उठली आणि घाईघाईने कप गोळा करू लागली.

काकूने तिच्या हातातून ट्रे काढून घेतला.

"राहू दे गं. बस तू, पाहुणी आहेस."