नर म्हणून तोडलेलं झाड

इनी लेंता रागावली की आमच्या लांबघरातल्या कोंबड्यासुद्धा शिडी उतरून खाली जातात. इनी म्हणजे आजी. माझी ती सख्खी नव्हे. पण एका छपराखालच्या आमच्या सव्वीस बिऱ्हाडांत तिला दुसऱ्या नावाने हाक मारायची कुणाची छाती नाही. गेल्या मे महिन्यात ती जी रागावली ती अजून शांत झालेली नाही. आणि का व्हावी? झाड तोडलं आम्ही. दोर मी धरला होता.

इनीला बीपासून फळझाडं वाढवायचं वेड आहे. कनोवितच्या बाजारात कलमं मिळतात, तीन वर्षांत फळ. ती नाक मुरडते. म्हणते, "कलम म्हणजे दुसऱ्याचा हात आपल्या खांद्याला शिवणं." कुणाकडे अनोळखी फळ आलं की ही त्याच्या समोर मांडी घालून बसणार आणि खाणाऱ्याच्या जबड्याकडे बघत राहणार. बी तोंडातून बाहेर पडली की तिच्या मुठीत. ओली आहे तोवर वाळूत गेली पाहिजे, चार दिवस सुकली की मेली. एकदा पाद्रीबाबांनी चुकून बी खिशात टाकली, तर हिने भर प्रार्थनेत त्यांचा खिसा झाडला.

तिचं सगळ्यात लाडकं झाड शेंदरी दबाईचं. दबाईचं फळ एरवी काळं असतं, हे शेंदरी. गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की लोण्यासारखं मऊ, वर नुसतं मीठ, आणि भाताचं भांडं रिकामं. हे झाड तिच्या माहेरच्या काठावर होतं. एका पुराने काठासकट नेलं. त्याआधी तिने तीन बिया आणल्या होत्या. एक खारीने खाल्ली. दोन रुजल्या, आणि नऊ वर्षांनी फुलल्या तेव्हा कळलं की एक झाड मादी आहे, एक नर.

आमची रीत साधी आहे. बीपासून लावलेलं दबाई नर निघालं की कुऱ्हाड. फळ देत नाही, जागा अडवतं. साऱ्या लांबघराने आपापले नर तोडले. इनीने मात्र वीस वर्षं राखला.

"इनीचा दुसरा नवरा," आम्ही म्हणायचो. "पहिल्यासारखाच. नुसता उभा, कामाचं नाव नाही."

मे महिन्यात ती मोतीबिंदूसाठी सिबूच्या इस्पितळात गेली. बेलायोंग आमचा मुखिया, तिचाच धाकटा भाऊ. त्याच्या मनात आलं की गावाईच्या, म्हणजे सुगीच्या सणाला पाहुणे गाड्या घेऊन येणार, तर गाड्यांना जागा हवी. दुपारपर्यंत नर आडवा झाला. आम्ही त्याच्याच बुंध्यावर बसून तांदळाची दारू प्यालो.

इनी परतली, डोळ्यावरची पट्टी काढली, आणि नव्या डोळ्याने तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसला तो खुंट.

त्या संध्याकाळी ओसरीवर सगळी बिऱ्हाडं जमली. फळझाड तोडलं तर आमच्यात दंड असतो. बेलायोंग घसा खाकरून म्हणाला, "अक्का, दंड कसला? फळ देत नाही ते फळझाड कसं?"

"तुला पोरं किती रे, बेलायोंग?"

"सहा."

"त्यातलं तुझ्या पोटातून किती आलं?"

बायका पदराआड नव्हे, उघड तोंडाने हसल्या.

"एकही नाही. मग तुलाही तोडू? जागा तूही अडवतोस, आणि गाडीपेक्षा जास्त!"

"अक्का, एक डुक्कर देतो. वर वाडवडिलांचा जुना रांजण देतो."

"रांजणाला फुलं येतात का? आता माझ्या झाडाला फुलं येतील आणि गळून जातील. फळ नाही तर बी नाही. नवा नर लावला तर तो नर आहे हे कळायलाच नऊ वर्षं. मी त्र्याहत्तरची आहे. ती नऊ वर्षं तू देतोस? काढ, रांजणातून काढ!"

माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आणि जिम्बुन, तू दोर धरलास म्हणे. घट्ट धरलास ना? शाबास!"

मला डुक्कर, रांजण आणि मी स्वतः असे तिघेही एकदम द्यावेसे वाटले.

सण झाला. जूनच्या मध्यावर मादी फुलली. इनीने फर्मावलं: नदीच्या चार वळणं खाली एका चिनी दुकानदाराच्या मागे एक नर शिल्लक आहे, त्याच्या फुललेल्या फांद्या आणायच्या, माझ्या झाडावर टांगायच्या. आणि चढायचं मुखियाने.

"अक्का, मी एकसष्ट वर्षांचा! गुडघे बघ."

"गुडघे करवत चालवताना कुठे गेले होते?"

नऊ दिवस रोज पहाटे आम्ही होडी काढली. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या, पाण्याचे डबे, आणि त्या उंच झाडावर दोराला लोंबणारा आमचा मुखिया. दोर पुन्हा माझ्याच हातात. खालून इनी ओरडायची, "आणखी वर! नवरदेवाला दारातच उभा करतोस?" मधमाश्यांनी बेलायोंगचा कान सुजवला. ती म्हणाली, "माश्यांना कळतंय कुणाला चावायचं ते."

नोव्हेंबरात बेलायोंग जिथवर पोचला होता त्याच दोन फांद्यांवर फळं दिसली. एकतीस. बाकीचं झाड रिकामं. ते बघून इनी पुन्हा नव्याने चिडली.

तिने फळं ओसरीवर वाटली, बिऱ्हाडाला एक. बेलायोंगलाही दिलं. त्याने मीठ लावून खाल्लं, डोळे मिटले. उघडले तर समोर तिचा तळहात.

"बी."

त्याने निमूट बी दिली. मीही दिली. जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ओली वाळू तयारच होती. तिने एकेक बी बोटाने खुपसली आणि मान वर न करता बेलायोंगला म्हणाली, "यातला नर फुलेपर्यंत मी जगेन की नाही, माहीत नाही. तू मात्र मरायचं नाहीस. दरवर्षी चढायचंय."

"नऊ वर्षं, अक्का?"

"दहा. एक वर्ष रांजणाचं."