भिंतीवरचा किराणा

हिंगाचा खडा नुसता हुंगून तो किती दिवस पुरेल हे सांगणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच होता, आणि तो माझा चुलत सासरा होता. लग्न होऊन मी जळगावला आले तेव्हा लढाई ऐन भरात होती. आमच्या ह्यांची नोकरी भुसावळला रेल्वेत. तिथे राहायला जागा मिळेना, म्हणून मला ह्या सासऱ्यांकडे, म्हणजे नाना आणि चुलत सासूबाई अक्कांकडे ठेवलं होतं. नाना कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. पहिल्याच सकाळी मी फोडणीला तेल घातलं आणि मागून आवाज आला, "सूनबाई, ही फोडणी आहे की अभ्यंगस्नान?" वळून बघते तो नाना स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसलेले, हातात कोळसा.

हा कोळसा म्हणजे नानांची लेखणी आणि चुलीशेजारची भिंत म्हणजे त्यांचा कागद. घरखर्चाला वही त्यांना पसंत नव्हती. "वही मिटून ठेवता येते, भिंत मिटता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे घरात काय आलं आणि काय संपलं, हे जेवायला बसलेल्या प्रत्येकाला वाचावंच लागे. नुसती नोंद करून नानांचं समाधान होत नसे, पुढे शेराही असे. 'गूळ संपला. कोणी?' 'जिरे ठीक.' 'तेल फार. सूनबाई नवीन आहे.' माझे वडील मला भेटायला आले, तेव्हा त्यांनी पहिला घास हातात धरून हे शेवटचं वाक्य दोनदा वाचलं आणि नंतर जेवण होईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

स्वस्ताईच्या वासावर नाना कुठेही जात. अमळनेरला गोडं तेल स्वस्त मिळतं असं कोणीतरी म्हणालं, तर रविवारी डबा घेऊन हे आगगाडीत! येताना झाकण सैल झालं आणि नानांसकट शेजारच्या दोन उतारूंचीही धोतरं तेलाने भिजली. अक्कांनी उरलेलं तेल शांतपणे बरणीत ओतलं आणि विचारलं, "गाडीभाडं कुठं लिहिणार म्हणता?" नाना म्हणाले, "ते किराण्यात धरू नका. तो प्रवास झाला."

हे सगळं हसण्यावारी जायचं, पण पुढे कापसाचा व्यापार बसला. जिन अर्धंमुर्धं चालू लागलं आणि नानांचा पगार निम्म्यावर आला. त्यांची एकुलती एक मुलगी इंदू तेव्हा मराठी सातवीत होती, फायनलच्या परीक्षेला बसायची होती. घरात ती असून नसल्यासारखी. बोलली तर समोरच्यालाच ऐकू जाईल इतकं हळू. अक्कांचे भाऊ दोंडाईचाहून आले आणि जेवता जेवता म्हणाले, "नाना, पोरीची शाळा आता पुरे. फी वाचेल, घरात मदत होईल, आणि मी स्थळ बघतो." इंदू दाराआड उभी होती. नानांनी ताटातला हात थांबवला. "भाऊ, आमच्या पानातलं काय काढायचं ते काढू," ते म्हणाले. "तिच्या हातातलं पुस्तक नाही काढायचं."

त्या दिवसापासून पान खरोखरच आटत चाललं. तुरीच्या डाळीच्या जागी कुळीथ आले. मसाला निम्मा झाला. नाना चुलीपाशी ठाण मांडून बसू लागले आणि भाकरी उलटण्याआधी तव्याखालचं लाकूड ओढू लागले. एके दिवशी अक्कांनी पळी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "उद्यापासून चूल तुमची. मी आणि सूनबाई दारात पाट टाकून बसतो."

नानांनी आठवडाभर स्वयंपाक केला. त्यांच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला कडा नव्हती, नुसते फाटे होते. एकदा वांग्याचं भरीत करायला घेतलं आणि त्याची चटणी झाली. अक्कांचं महिन्याचं तेल त्या आठवड्यात उडालं. पण माणूस सच्चा. रविवारी कोळसा घेऊन स्वतःच भिंतीवर लिहिलं, 'तेल संपले. मी.' मग अक्का उठल्या. इंदूकडून त्या नुकत्याच अक्षरं शिकल्या होत्या. नानांच्या हातून कोळसा घेऊन त्यांनी खाली वेडीवाकडी दोनच अक्षरं काढली: 'चहा'.

रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर त्यांची मित्रमंडळी जमत, आणि आल्यागेल्याला चहा झाल्याशिवाय नाना उठू देत नसत. जिऱ्याचा दाणा जपणाऱ्या नानांना साखरेचं ते भगदाड कधी दिसलंच नव्हतं. त्या संध्याकाळी ते ओट्यावर उभे राहिले. "मंडळी, इंदूची परीक्षा होईपर्यंत चहा बंद," म्हणाले, आणि तडक आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सतरंजी पसरून ते एकटेच बसले. दिवेलागण झाली तरी कोणी फिरकेना. अक्का आतून दोनदा डोकावल्या. मला वाटतं, चहाचं आधण ठेवायची त्यांची तयारी झाली होती. इतक्यात जिनातले तोलणारे आबा वहाणा वाजवत आले आणि ऐसपैस बसले. "चहा नही ते काय व्हयनं, नाना? गप्पा ते शेतस ना!" मागोमाग बाकीचेही चहाविना गप्पा मारायला आले. एकाने उपरण्यातून भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. नानांनी डोळे पुसले आणि विचारलं, "घरच्या की विकतच्या?"

इंदू चांगल्या मार्कांनी पास झाली. चाळीसगावला गाडी बदलून नाना तिला धुळ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पोचवून आले. पुढे मी भुसावळला बिऱ्हाड थाटलं, आणि इंदूला नशिराबादला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. मी जळगावला गेले असताना नाना म्हणाले, "चला, पोरीची शाळा बघून येऊ." आम्ही तिघं टांग्याने गेलो. अक्का सरळ आत निघाल्या होत्या. नानांनी त्यांचा हात धरला. बाहेर कडुलिंबाखाली आम्ही उभे राहिलो. खिडकीच्या आत इंदू कविता सांगत होती आणि साऱ्या मुली तिच्यामागून म्हणत होत्या. नाना मान खाली घालून ऐकत होते. शाळा सुटायची घंटा झाली तरी ते हलले नाहीत.

"आवाज केवढा मोठा आहे हो पोरीचा," ते अक्कांना म्हणाले. "घरात कधी ऐकलाच नव्हता."