चक्कीच्या इंजनाचा रॉड

आमची पिठाची चक्की डिझेल इंजनावर चालते. आदिलाबादजवळ तामसीकडच्या आमच्या गावात लाइटीचा भरवसा नाही, म्हणून इंजन काढून टाकलं नाही. हँडल मी मारते, पट्टा मी चढवते, ज्वारी मी दळते आणि दिवसभर इंजनाला लागून मीच बसते. हे आधी लिहिते, कारण पुढं जे झालं त्यात ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही.

इंजनाच्या वरच्या झाकणातून, म्हणजे हेडमधून, थंड करायचं पाणी आत उतरलं, पाणी काही दबत नाही, आणि पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला. तसा रॉड आदिलाबादला मिळतो. पण माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, इंजनाचं काम जाणतात असं घरात धरलेलं आहे. त्यांनी भंगारातून दुसऱ्या कुठल्या मशीनचा रॉड आणला. अंगणात दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा भंगारातला करंगळीच्या जाडीएवढा आखूड दिसला. शिवाय तो बिडाचा. आमचा जुना पोलादाचा, ठोकून केलेला. तो वाकला, पण तुटला नाही. बीड वाकत नाही. माझा बिडाचा तवा हातातून पडला तेव्हा त्याचे तुकडेच झाले होते. चालत्या इंजनात रॉड तुटला तर आत राहत नाही, इंजनाची कूस फोडून बाहेर येतो. बाहेर कोण बसलेलं असतं?

आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही. पदर घेऊन दाराआड उभी राहते आणि सांगायचं ते सासूला सांगते. मी सांगितलं, आखूड आहे, बिडाचा आहे, हा बसवू नका. सासूबाई अंगणात गेल्या आणि म्हणाल्या, "थे म्हन्ते, तुमाले पटन तसं करा."

मी दारातच होते. माझं बोलणं नवऱ्यानंही ऐकलं होतं. त्यानं पाना उचलून भावाच्या हातात दिला.

रॉड बसवला आणि हँडल मारायला मला बोलावलं. आखूड रॉडनं पिस्टन वरपर्यंत जात नाही, हवा दबत नाही, तर डिझेल पेटणार कुठून? मी मारत राहिले. नुसता पांढरा धूर. भासरे नवऱ्याला म्हणाले, "भाकरी देत नाहीस काय रे हिले?" दळण घेऊन बसलेल्या बायाही हसल्या. मग त्यांनी स्वतः मारून पाहिलं. तोच धूर. ते म्हणाले, सिलिंडरखालच्या पॅकिंगच्या चकत्या काढून सिलिंडर खाली बसवू, पिस्टन वरपर्यंत पोचेल, मग पेटेल.

पेटेल, हे मलाही कळत होतं. त्याचीच भीती होती. मी पहिल्यांदाच सरळ भासऱ्यांकडे वळून म्हणाले,

"भाऊजी, चालू झालं त इथं तुमीच बसा. मी नाई बसत."

 सासूबाईंनी विचारलं, काऊन वं, आता तोंड फुटलं काय तुले? भासऱ्यांनी पाना खाली ठेवला, चप्पल घातली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नवरा वाकलेला रॉड पोत्यात घालून बसनं आदिलाबादला गेला आणि त्याच मापाचा पोलादी घेऊन आला. इंजन चालू आहे, मी त्याच्याजवळ बसते.  भासरे आमच्याकडे पाणीही पीत नाहीत, आणि त्याचा दोष माझ्यावर. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, सून भासऱ्याले उलटून बोलली. काय बोलली ते सांगत नाहीत. परवा एकीला असंच सांगत होत्या. मी इंजन बंद केलं आणि काय बोलले ते माझ्या तोंडानं तिला सांगितलं.