म्हशींची डाक्टरीण

पीएचडी झाल्यावर दीड वर्ष मी झरीला घरी बसून होते. ‘बसून’ हा गावाचा शब्द. मी रोज अर्ज पाठवत होते आणि परदेशातल्या विद्यापीठांकडून नकार येत होते, तेही इतक्या मायेनं लिहिलेले, की बाबांना वाटायचं निवड झाली. बाबा शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे मास्तर. ‘आपण असामान्य उमेदवार आहात’ एवढी पहिली ओळ वाचून ते पेढे आणायला निघायचे. मी पुढची ओळ दाखवेपर्यंत त्यांनी चपला घातलेल्या असायच्या.

शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून डाटा सायन्सच्या नोकऱ्या शोधायला लागले. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीनं व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. समोरचा साहेब माझ्याहून लहान होता.

“पीएचडीत नेमकं काय केलं?”

“दीर्घिकांवर, म्हणजे दूरच्या आकाशगंगांवर काम केलं,” मी म्हणाले. “मधे एखादी प्रचंड जड वस्तू आली, की मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकतो आणि एकच दीर्घिका आकाशात दोन ठिकाणी दिसते. ढीगभर फोटोंमधून अशा जोड्या हुडकणारा प्रोग्राम लिहिला.”

“म्हणजे डुप्लिकेट.”

सहा वर्षांचं काम एका शब्दात मावलं. “हो,” मी म्हणाले.

“फोटो कसले असतात? अंधारे?”

“जवळजवळ काळेच.”

तो खुर्चीत पुढं सरकला. “मग म्हशी जमतील तुम्हाला.”

तो गंमत करत नव्हता. जनावरांचा विमा उतरवताना हीच म्हैस की दुसरी, यावरून भांडणं होतात. कानातले बिल्ले तुटतात. पण माणसाच्या अंगठ्यासारखा म्हशीच्या नाकाचाही ठसा असतो, दुसरीशी न जुळणारा. कंपनीला नाकाच्या फोटोवरून म्हैस ओळखणारं ॲप बनवायचं होतं. मी परभणी जिल्ह्यातली आहे हे कळल्यावर पहिलं काम तिथलंच मिळालं. आपल्याच गावात साठ-सत्तर म्हशींच्या नाकांचे फोटो काढायचे.

बाबांनी चावडीपाशी सांगितलं, की पोरगी डॉक्टर झाली आणि आता म्हशींचं काम करणार आहे. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या दारात तीन म्हशी उभ्या. एकीला खोकला, एकीच्या पायाला सूज, तिसरी नुसतीच आलेली.

“मी तसली डॉक्टर न्हाई,” मी म्हणाले.

“मग कसली?” खोकल्याच्या म्हशीचा मालक म्हणाला.

“चांदण्यांची.”

“मग म्हशीच्या नाकाचे फोटू कामून काढायलीस?”

मी जनावरांच्या खऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते मोटारसायकलवर आले, तिन्ही म्हशी तपासल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, तुम्ही कुठल्या कॉलेजच्या?” मी संस्थेचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “तिथं जनावरांचं कधी सुरू झालं?”

मी सगळं समजावून सांगितल्यावर मात्र त्यांनी फार मदत केली. म्हैस कुठं धरायची, कुठं उभं राहायचं नाही, आणि मुख्य म्हणजे नाक पुसल्याशिवाय फोटो काढायचा नाही, हे त्यांनीच शिकवलं. कंपनीत याला डाटा क्लीनिंग म्हणतात. मी ते आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं केलं.

पहिल्या दिवशी सकाळी काकांच्या गोठ्यात गेले. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. म्हशीचं नाक पुसताना ते म्हणाले, “डाक्टरीणबाई, ही सकाळी भरून दूध देती अन् संध्याकाळी देईना गेलीय. तुझ्या मशीनीत बग काय दावतंय.”

“काका, मशीन फक्त नाक ओळखतं.”

“एवढं शिकून नाकापस्तोरच?”

दुपारी ओढ्याकाठच्या मावशींकडे गेले. मावशी एकट्या राहतात, वय सत्तरीच्या पुढं. त्यांच्या गोठ्यात एक म्हैस निवांत रवंथ करत होती. मावशींनी तिचं नाक स्वतःच्या पदरानं पुसलं आणि मालक म्हणून स्वतःचं नाव लिहून घ्यायला लावलं.

संध्याकाळी ॲपनं सांगितलं, की काकांची म्हैस आणि मावशींची म्हैस एकच आहे.

माझा प्रोग्राम चुकला, दुसरं काय! दोन दिवस मी तो दुरुस्त करत बसले. उजेडाचा फरक, नाकावरची ओल, सगळं तपासलं. एकच गोष्ट दोन ठिकाणी दिसते यावर मी प्रबंध लिहिला होता, तरी ॲप बरोबर असेल हे डोक्यात आलं नाही. मास्तरच्या घरातली मी, मला सगळ्या म्हशी सारख्याच दिसतात.

साहेब म्हणाला, “पुन्हा फोटो काढा.” म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मावशींकडे गेले. गोठा रिकामा.

“मावशी, म्हैस कुठंय?”

“येईल की बाराला.”

“कुठून?”

“मला काय ठावं? रोज बाराला येती, चारला जाती.”

मी थांबले. बाराला म्हैस आली, मावशींनी तिची धार काढली, तेव्हा मला कळलं. गावाची गुरं दुपारी ओढ्याच्या डोहात बसतात आणि गुराखी लिंबाखाली झोपतो. तेवढ्यात काकांची म्हैस उठून मावशींच्या गोठ्यात येत होती.

“मावशी, ही काकांची म्हैस आहे.”

“रातची त्येची. दुपारची माझी,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “माझी म्हस मागल्या साली मेली. पंधरा दिसांनी ही आली. म्या काय बोलवायला गेलते का? आली तर पाणी पाजते, सरकी घालते, मान खाजवते. चहापुरतं दूध काढते.”

चहापुरतं म्हणजे किती, हे मी कोपऱ्यातल्या भरल्या कासंडीकडे बघून विचारलं नाही. कुणाला सांगायचं नाही असंही ठरवलं. पण ॲपनं तोवर दोन्ही मालकांना आपोआप निरोप धाडला होता. मावशींचा मोबाईल बंद असायचा. काकांना आलेला निरोप इंग्रजीत होता आणि तो वाचायला ते बाबांकडेच गेले.

अर्ध्या तासात मावशींच्या अंगणात निम्मं गाव जमलं. काका ओरडले, “माझं दूध!”

“तुझं कसं? सरकी माझी!” मावशी म्हणाल्या.

यावर लोक खरोखर विचारात पडले. सकाळच्या कडब्याचं दूध किती आणि दुपारच्या सरकीचं किती, हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारण्यात आलं. ते एवढ्यासाठी मोटारसायकल बंद करून थांबले होते. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “हा डाटाचा प्रश्न हाय. मॅडमला विचारा.”

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, मला माहीत नाही. आयुष्यात इतक्या लोकांसमोर हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले. कुणालाच आवडलं नाही.

काकांनी म्हैस घरी नेऊन दावणीला बांधली. दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तिनं हंबरून गल्ली डोक्यावर घेतली, बादली लाथाडली आणि दूध चोरलं. तिसऱ्या दिवशी सकाळीही दूध नाही. दुपारी काकाच तिला घेऊन ओढ्याकडे निघाले. मावशींच्या दारात दोर सोडला आणि म्हणाले, “सरकी लय घालू नको, पोट फुगतंय तिचं.”

“मला शिकवायलास?” मावशी म्हणाल्या.

मला मात्र एक नोंद काढून टाकणं भाग होतं. मी मावशींची काढली, आणि काढताना वाईट वाटलं. ॲपमध्ये कारण विचारलं जातं. ‘चूक’, ‘फसवणूक’ आणि ‘इतर’ यांतलं एक निवडायचं. साहेबाला ‘फसवणूक’ हवं होतं. आपण पहिली फसवणूक पकडली, असं त्याला मीटिंगमध्ये सांगायचं होतं. मी ‘इतर’ निवडलं आणि खाली लिहिलं, ‘म्हैस दुपारी येते.’

त्याचा लगेच फोन आला. “हे काय लिहिलंय?”

“निरीक्षण,” मी म्हणाले.

त्यानं ती ओळ मोठ्यानं वाचून पाहिली. मग म्हणाला, “बरं, राहू द्या.” पुढच्या महिन्यात मला कायम केलं आणि शेळ्यांचं काम दिलं. शेळ्यांचं जरा अवघड आहे. नाक पुसायला घेतलं, की त्या फडकंच खातात.