परदेशी पदव्या : दोन

माणच्या भामाबाईंचा जन्म मेंढरांमागं गेला. जीभही हातातल्या काठीसारखीच चालायची. वडूजजवळच्या एका केंद्राला मेंढीपालन शिकवणारं माणूस हवं होतं, म्हणून भाची पायल मोबाईलवरचा नमुना बघून त्यांचा बायोडाटा लिहीत होती. शिक्षण चौथी. पुढं ‘परदेशी पदवी’ अशी ओळ आली, ती पायल पुसायला निघाली.

"र्‍हाऊ दे की. दोन लिही," बाई म्हणाल्या.

मुलाखतीत साहेबांनी कागदावरची नजर न हलवता विचारलं, "या पदव्या कुठं घेतल्या?"

"घेतल्या न्हाईत, दिल्या. तीन जर्मन पोरं वरीसभर माझ्या कळपामागं शिकली. दोघं तिकडं जाऊन मेंढरांचं डाक्टर झालं."

"आणि तिसरा?"

"त्याला मी नापास केला. समोरचं सोडून सारखा कागदातच बघायचा, तुमच्यावानी."