कागदाची मागची बाजू

या माणसाचे आभार मी अजून मानलेले नाहीत. नॉटिंगहॅमच्या ट्रायब्युनलमध्ये, जिथे सरकारने नाकारलेल्या अपंगभत्त्यांची अपिलं चालतात, तिथला हा क्लार्क. साठीचा, तांबूस चेहऱ्याचा. मी तिथे मराठी-हिंदीची दुभाषी म्हणून जाते.

जजचा निकाल तो कुणाला उभ्याने देत नाही. खुर्ची ओढून शेजारी बसतो, कागद उलटा करतो आणि म्हणतो, "मागचं मोठ्याने वाचा." मागे लिहिलेलं असतं की महिन्याच्या आत निकालाची कारणं मागता येतात, आणि कायद्यात चूक झाली असेल तर वरच्या ट्रायब्युनलकडे जाता येतं. सल्ला द्यायला त्याला मनाई आहे. "वाचणं म्हणजे काही सल्ला नव्हे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. हरलेल्या माणसाला तिथून पळायचं असतं, पण हा हलत नाही. पूर्वी मला त्याचा रागच यायचा. मागचं सगळं मराठी-हिंदीत सांगेपर्यंत माझी ट्रेन चुकायची.

गेल्या हिवाळ्यात संधिवातामुळे मागितलेल्या भत्त्याचं माझं स्वतःचं अपील मी तिथेच हरले. इतकी वर्षं लोकांना हेच समजावलेलं, तरी त्याच्या हातून कागद घेतला, न वाचताच पर्समध्ये कोंबला आणि निघाले. त्याने शांतपणे खुर्ची ओढली.

"मागचं," तो म्हणाला. "मोठ्याने."

मी बसले. इंग्रजीत वाचलं, मग सवयीने मराठीतही. तिथे मराठी कळणारं कुणीच नव्हतं. तो मात्र शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत बसला.